आपल्या शाळेचं डावं

प्रिय गुंड्या,

सोमवारी सकाळी साडेसहा वाजता मी एका उशीला गाडीचा पट्टा बांधला. (नमस्कार-चमत्कार पुढच्या परिच्छेदात करतो. हे वाक्य आधी लिहून टाकलं नाही तर हेही पत्र फाडीन. याआधीची चार अशीच नमस्कारापर्यंत पोचून फाटली.) कुठली उशी ते तुला सांगायला नको. निळ्या चौकड्यांची, तूच शिवलेली. गाडीत बसल्यावर तुझ्या वहिनीला रस्ता दिसायचा नाही, नुसतं आभाळ दिसायचं, म्हणून तू कुणाच्या तरी पडद्यातून उरलेल्या कापडाची शिवून दिली होतीस. आत काय कोंबलंस देव जाणे, बारा वर्षं झाली तरी दबलेली नाही. ती पुढच्या सीटवर ठेवली, तिच्यावर घडीचा नकाशा ठेवला, पट्टा ओढून खटका लावला, हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि दुकानाच्या दारावर ‘मालक बाहेरगावी गेले आहेत’ अशी पाटी अडकवून निघालो. (मालक मीच, नोकर मीच, पाटी लिहिणाराही मीच. तरी ‘गेले आहेत’ लिहिलं. तेवढाच कोणीतरी आदर केला.)

आता रीतसर. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. यातला नमस्कार आत्ताच घे. विनंती विशेष काय आहे ते मलाच अजून धडपणे ठरवता आलेलं नाही. लिहिता लिहिता ठरलं तर तळाशी लिहीन. तुझी प्रकृती कशी आहे? मान अजून धरते का? मशीनवर बसल्यावर मधूनमधून वर बघत जा, असं सांगणार होतो, पण मीही दिवसभर रबरी शिक्के कोरत वाकलेलाच असतो, तेव्हा कोणत्या तोंडानं सांगू. घरच्या सगळ्यांना नमस्कार. मी इकडे मजेत आहे. हवा उत्तम आहे, म्हणजे इतकी उत्तम की लॉजचं दार उघडलं की पलंगावरची चादर समोरच्या भिंतीला जाऊन चिकटते.

आपण शेवटचं भेटलो त्याला दोन वर्षं होऊन गेली. ‘भेटलो’ हा शब्दही जरा मोठाच आहे. तुझी वहिनी जाऊन महिना झाला होता. मला भेटायला म्हणून तू आठ तास बसमध्ये बसून आलास, मी स्टँडवर गाडी घेऊन उभा होतो. तू पुढचं दार उघडलंस, उशी उचलून मागे टाकलीस आणि बसलास. आणि मी भर स्टँडवर ओरडलो, “ऊठ तिथून! ती तुझ्या बापाची जागा नाही!” (तुझ्या वडिलांनी माझे शाळेचे शर्ट शिवले, मी पोरका म्हणून खिसा मोठा ठेवला, हे मला ओरडतानाही आठवत होतं. तरी ओरडलो.) तू पिशवी घेतलीस, आणि ज्या बसनं आलास तीच परत फिरत होती तिच्यात चढून बसलास. त्यानंतर तुझं पत्र नाही की माझा फोन नाही. आपल्या गावचे लोक म्हणतात, दौत्यानं मित्राला डावललं. या शब्दाकडे मी नंतर परत येणार आहे, विसरलो तर आठवण कर. (पत्रात तू आठवण कशी करणार म्हणा.)

तर हा प्रवास. तुझ्या वहिनीला एकदा सगळा किनारा धरून, रस्ता संपतो तिथपर्यंत जायचं होतं. नुसतं म्हणणं नव्हतं ते. तिनं नकाशा आणून त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, कुठे थांबायचं, कुठे चहा, कुठे नुसतं बघायचं. अट एकच. जाताना समुद्र तिच्या बाजूला हवा, येताना माझ्या. म्हणायची, “अर्धा अर्धा. उगाच मागाहून म्हणू नका, हिनं सगळा एकटीनं पाहिला.” दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी निवडणुकीचे शिक्के, कधी गाडीचा क्लच, शेवटी तिचं दुखणं. आता आडवं यायला काहीच उरलं नाही, तेव्हा निघणं भाग पडलं.

पुढचं कळायचं तर कवायत मास्तरांचं प्रकरण सांगायला हवं. तुला ते पाठ आहे, तरी लिहितो, कारण सध्या मला ते सांगायला दुसरं कोणी नाही. लॉजवाल्या बाईंना सांगून पाहिलं, सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “चहा ठेवू का?” आपल्याला घरी कोणी डावं-उजवं शिकवलंच नव्हतं. घरी हात दोनच, एक जेवायचा आणि एक दुसरा. नावं मिळाली ती शाळेत. मास्तर आपल्याकडे तोंड करून उभे राहायचे, “डावा हात वर!” म्हणून स्वतःचा डावा वर करायचे, आणि आपण बत्तीस पोरं आरशातल्यासारखी समोरचा हात बघून आपला जेवायचा हात वर करायचो. मास्तरांनाही सगळे एका बाजूला दिसले की समाधान. असं वर्षभर चाललं. मग तालुक्याची कवायत आली. चौदा शाळा एका मैदानात, “डावीकडे वळ!” असा हुकूम झाला, तेरा शाळा एकीकडे वळल्या आणि आपण दुसरीकडे. तेवढ्यावर भागलं असतं, पण पाठोपाठ “चाल!” झालं. पुढच्या रांगेत तू आणि मी. समोर पाहुण्यांचं चहाचं टेबल. हुकूम मोडायचा नाही असं शिकवलेलं, म्हणून आपण टेबलातून गेलो. (टेबलावरची दौत माझ्या हातून साहेबांच्या पांढऱ्या पँटवर सांडली, आणि मी कायमचा दौत्या झालो. तू साहेबांच्या कोटाची गुंडी मुठीत घेऊन परत आलास. ती कशी तुटली ते आजवर कळलं नाही.) त्यानंतर मास्तरांनी महिनाभर बत्तीसच्या बत्तीस पोरांना डावं-उजवं पुन्हा शिकवलं. म्हणजे तीस. आपण दोघं त्या महिन्यात गालगुंड होऊन घरी पडलेलो. परत आलो तेव्हा इतिहासात नवीन राजा सुरू झाला होता, आणि आपलं डावं आहे तिथेच राहिलं.

मला त्याचा धंद्यात फायदाच झाला. शिक्का उलटा कोरावा लागतो. माझा हात मुळातच उलटा. तुझे मात्र हाल झाले. त्या कारकुनाच्या सहा शर्टांना तू खिसे उजव्या छातीवर लावलेस, आणि त्याचं पेन काढताना कोपर शेजारच्याच्या चष्म्याला लागायचं, हे आठवलं की मी अजून एकटाच हसतो. (एकट्यानं हसायचं तंत्र वेगळं आहे. आवाज करायचा नाही. केला तर तो खोलीभर फिरून परत आपल्याकडेच येतो.) विचार केला की मला खरं डावं सापडतं, असं नाही की सापडत नाही. पण विचाराला एक क्षण लागतो, आणि तेवढ्यात वळण मागे जातं. तुझ्या वहिनीनं हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तिनं पुन्हा कधी डावं-उजवं म्हटलंच नाही. ‘माझ्या बाजूला वळा’ आणि ‘तुमच्या बाजूला वळा’. तेवीस वर्षं मी कुठेही चुकलो नाही. लोक मला वाटा माहीत असलेला माणूस समजायचे. मीही समजायचो.

आता पुतणीनं माझ्या फोनमध्ये एक बाई बसवून दिली आहे. ती वाट सांगते. बाई सुशिक्षित आहे, बोलणं अगदी अदबीचं. घरात इतक्या अदबीनं माझ्याशी कोणी बोललेलं नाही. पण ती ‘उजवीकडे वळा’ म्हणते, आणि मी समुद्राकडे वळतो. ‘डावीकडे वळा’ म्हणते, आणि मी डोंगरात. चुकलं की ती रागावत नाही, सुस्कारा सोडत नाही, “मी काय म्हणाले होते?” असं विचारत नाही. थोडी थांबते आणि पुन्हा मार्ग शोधते. गुंड्या, माणसाला इतकं समजून घेतलेलं सोसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तिला म्हणालो, “बाई, एकदा तरी चिडा.” ती म्हणाली, “चारशे मीटरनंतर डावीकडे वळा.”

पहिल्या दिवशी अशा वळणांनी मी एका होड्या दुरुस्त करायच्या आवारात शिरलो. पाच होड्या उलट्या घालून ठेवलेल्या, त्यांच्या पोटांना डांबर फासणारे दोन सुतार, आणि मधोमध माझी गाडी. पुढे पाणी. त्यांना वाटलं मी कोणी तपासणीला आलेला अधिकारी. त्यांनी स्टूल दिलं, कामाचं सगळं रडगाणं सांगितलं. मी पाऊण तास मान हलवत ऐकलं. इतका वेळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, तेव्हा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. निघताना थोरल्या सुतारानं पट्टा बांधलेली उशी पाहिली, धाकट्याला कोपरानं ढोसलं, आणि दोघांनी मला जरा वाकूनच नमस्कार केला. अधिकाऱ्यांचं काही सांगता येत नाही, असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळी पहिल्या लॉजवर विचारलं, “किती जण?” मी सवयीनं म्हणालो, “दोन.” जेवायला बसलो तर दोन ताटं. वाढणारा दाराकडे बघत उभा. आता त्याला काय सांगायचं? म्हणालो, त्यांना जरा बरं नाही, त्या खाली यायच्या नाहीत. तो म्हणाला, मग ताट वर पोचवतो. मी घाईनं म्हणालो, नको, मीच नेतो. आणि गुंड्या, एका हातात ताट, एका हातात पाणी घेऊन मी दोन जिने चढलो, खोलीत टेबलावर ते ठेवलं, समोर बसलो, आणि मग अन्न टाकू नये म्हणून खाल्लं. एका जेवणानंतर दुसरं जेवण. पोट इतकं दुखलं की दुसऱ्या दिवशीच्या लॉजवर विचारायच्या आत मी ओरडलो, “एक! एकच!” तिथला माणूस दचकून मागे सरकला.

किनाऱ्याचं वर्णन करायला हवं, नाहीतर तू म्हणशील हा समुद्र बघायला गेला की ताटं. पण खरं सांगू, मला वाटलं होतं समुद्र म्हणजे वाळू, शिंपले, पाय भिजवणं. इथलं तसं नाही. इथे जमीन एकदम संपते, बोलता बोलता माणूस गप्प होतो तशी. काळे कडे, त्यांच्यावर खुरटं गवत, सगळं एकाच दिशेला झोपलेलं. खाली पाण्यात सुटे खडक उभे आहेत, एकेकटे. कधीकाळी ते कड्याचाच भाग असणार. मधलं सगळं पाण्यानं नेलं आणि हे मागे राहिले. एका ठिकाणी कपारीतून लाट आत शिरते आणि वरच्या भोकातून कारंज्यासारखी उडते, आणि मग खालून कोणीतरी मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. मी तिथे तासभर बसलो. दर वेळी पाणी उडालं की मान तिच्या बाजूला वळायची, “बघितलंस?” म्हणायला. तिच्या बाजूला समुद्रच होता. ठरल्याप्रमाणे.

तिसऱ्या दिवशी मरता मरता वाचलो, ते सांगतो. घाबरू नकोस, पत्र लिहितोय त्या अर्थी जिवंत आहे. फोनमधल्या बाईनं ‘उजवीकडे’ म्हटलं, मी माझ्या परीनं उजवीकडे म्हणजे समुद्राकडे वळलो, आणि एका कड्यावरच्या पायवाटेला लागलो. वाट गाडीपेक्षा वीतभर रुंद. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला, म्हणजे तिच्या बाजूला, काहीच नाही. पुढे दरड पडलेली. वळायला जागा नाही. तेव्हा उलट जाणं आलं. उलट कामात माझा हात कोणी धरणार नाही हे तुला ठाऊक आहे. देवाचं नाव घेत मी शंभर-दीडशे पावलं सुरेख मागे आलो. तेवढ्यात मदत आली आणि संकट सुरू झालं. शेळ्या चारणारी एक बाई मागे येऊन उभी राहिली आणि हात हलवून ओरडू लागली, “उजवीकडे घ्या! उजवीकडे!” मी उजवीकडे घेतलं. “अहो उजवीकडे! उजवीकडे म्हणते ना!” मी आणखी उजवीकडे घेतलं. मागचं एक चाक गवताच्या कडेवर आलं, खडे खाली गेले, ते पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. उशी पट्ट्यात एका अंगाला कलली. आणि ती बाई गळा फोडून ओरडली, “माझ्या बाजूला! माझ्या बाजूला या!”

दोन वर्षांत हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. हात आपोआप वळले. बाई डोंगराच्या कडेला उभी होती, गाडी तिच्याकडे गेली, चाक वर आलं. गाडी थांबवून मी बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. त्या वाक्यात डावं नाही, उजवं नाही; कोणीतरी कुठेतरी उभं आहे एवढंच त्यात आहे, आणि ते पुरतं. बाईंनी काच ठोठावून मला भानावर आणलं. “डावं-उजवं कळत नाही तर घरी बसावं माणसानं! मेला असतात म्हणजे मला निस्तरावं लागलं असतं.” मी म्हणालो, शाळेतच चुकलं हो. त्या म्हणाल्या, “मग शाळेत जा, कड्यावर कशाला येता?” एक शेळी लंगडत होती, तिला खालच्या वाडीपर्यंत सोडा म्हणाल्या. शेळी मागे घातली. बाई पुढचं दार उघडायला आल्या. मी म्हणालो, तुम्हीही मागेच बसा. त्यांनी काचेतून पाहिलं. “पुढं कोणी आहे का?” मी म्हणालो, “हो.” त्यांनी उशीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, “मग त्यांना म्हणावं, जरा सरका.”

मला सरकवता आलं नाही. बाई निमूट मागे बसल्या. पण वाडी येईपर्यंत शेळीनं दोन सीटांमधून मान घालून उशीवरचा नकाशा खाल्ला. सगळा नाही. पहिले दोन दिवस शिल्लक ठेवले. पुढचा किनारा, पेन्सिलीच्या खुणा, दीपस्तंभ, सगळं चावून गिळलं. बाईंनी तिला दोन रट्टे दिले आणि मला म्हणाल्या, “एवढं काय? तुम्ही कुठं बघत होता त्यात?” ते खरंच होतं. गाडी चालवताना नकाशा मी कसा बघणार? तो वाचून दाखवायला माणूस लागतं.

चौथ्या दिवशी रस्ता संपला. फोनमधली बाई सुद्धा काय बोलावं ते न सुचून गप्प झाली. इथे एक दीपस्तंभ, सात-आठ घरं, तीन खोल्यांचं हे लॉज आणि बसचा शेवटचा थांबा. दीपस्तंभाचे रखवालदार उंच आणि कमी बोलणारे आहेत. मी म्हणालो, रस्ता चुकत चुकत आलो. ते म्हणाले, “इथं सगळे तसेच येतात. मुद्दाम कोण येणार?” त्यांच्या नोंदवहीच्या शिक्क्यातलं ‘दीप’ झिजून गेलंय, नुसतं ‘स्तंभ’ उमटतं. तो नवा कोरून द्यायला घेतला आहे. कामाशिवाय माणसाला कुठे राहता येत नाही. सकाळी वर गच्चीवर जाऊन हात जोडतो. एक विचार हल्ली फार येतो. देव नेहमी आपल्याकडे तोंड करून उभा असतो, थेट कवायत मास्तरांसारखा. इतकी वर्षं मी त्याला म्हणतोय, वाट दाखव. तो दाखवतही असेल. पण तो त्याच्या हातानं दाखवतोय आणि मी माझ्या हातानं धरतोय, असं तर नसेल? त्याला दोष देत नाही. मास्तरांनाही दिला नव्हता.

आता ‘डावललं’ या शब्दाबद्दल. आपल्या शाळेत डावा म्हणजे जेवायचा हात. त्या हिशेबानं मी तुला डावललं म्हणजे जेवायच्या हाताला बसवलं, असं धरता येईल. रखवालदारांना हे पटलं. (त्यांना सगळंच पटतं, ते ऐकत नसतात.) पण हे फारच सोयीचं आहे, मलाही कळतं. तेव्हा सरळ लिहितो. चुकलं माझं. त्या दिवशी तू उशी मागे टाकलीस म्हणून मी ओरडलो नाही. तू इतक्या सहज बसलास, जागा खरोखरच रिकामी असल्यासारखा, म्हणून ओरडलो.

तेव्हा लोभ होता तितका नसला तरी उरला असेल तेवढा असू दे. थोरांना नमस्कार, मशीनला तेल.

तुझा,
दौत्या

ता. क. वर मी नुसतं ‘सोमवारी’ लिहिलंय. तो मागचा सोमवार नव्हे, चौदा दिवसांपूर्वीचा. इथे येऊन अकरा दिवस झाले. शिक्का दुसऱ्याच दिवशी कोरून झाला होता; रखवालदारांना सांगितलं नाही. रोज सकाळी गाडीत बसतो, किल्ली फिरवतो, आणि परत बंद करतो. आता परतीची वाट, म्हणजे समुद्र माझ्या बाजूला. तो मी पाहिला की आमचा अर्धा-अर्धा पुरा झाला. मग काही उरत नाही. ‘मी मजेत आहे’ हे वाक्यही खोडायचं राहिलं, ते तू तिकडे खोड.

आणखी ता. क. विनंती विशेष ठरली. तू ये. बस मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येते. घाई नाही, या शुक्रवारी नाही जमलं तर मंगळवारी, नाहीतर पुढच्या शुक्रवारी, मी थांब्यावर असेनच, तसाही असतोच. परत जाताना तू वाट सांग. तू डावं म्हणशील तेच माझं डावं असेल. अख्ख्या जगात असा माणूस आता एकच आहे. आणि समजा मी आजारी पडून थांब्यावर आलो नाही, तर उतरल्यावर डावीकडे वळ, आपल्या डावीकडे, आणि कृपा करून कोणालाही विचारू नकोस. लोक बरोबर सांगतील आणि तू समुद्रात जाशील.

शेवटचा ता. क. हे पाकीट चिकटवायच्या आधी खाली गाडीपाशी जाऊन आलो. तुला बोलवायचं आणि मागे बसवायचं, हे बरं दिसत नाही. पट्टा सोडला. खटका गंजलाय, दोनदा दाबावा लागला. तिला म्हणालो, जरा सरक. उशी उचलून मागे टाकवेना, म्हणून माझ्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसून पाहिलं. डोकं छताला लागतं, मान वाकवून बसावं लागतं, देवळात शिरल्यासारखं, आणि रस्त्यात खड्डे बरेच आहेत. पण शेजारची जागा मोकळी केली आहे.